रक्ताच्या रिपोर्टवर मशीनची शंकाही छापा

सीबीसीचा, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट हातात पडला की आपली नजर थेट आकड्यांवर जाते, हिमोग्लोबिन किती, पांढऱ्या पेशी किती, प्लेटलेट किती, आणि बाजूच्या नॉर्मल रेंजमध्ये बसतंय का. सगळे आकडे एकाच टायपात, सारखेच ठाम. पण ज्या मशीनने हे आकडे काढले ते दरवेळी एवढं ठाम नसतं. त्याच्या स्क्रीनवर आकड्याशेजारी कधी एखादी खूण येते, कधी अख्खी ओळ येते की प्लेटलेटच्या गुठळ्या असाव्यात, अपरिपक्व पेशी असाव्यात, हा आकडा भरवशाचा नाही. लॅबमध्ये याला फ्लॅग म्हणतात. हा फ्लॅग टेक्निशियनला दिसतो, पॅथॉलॉजिस्टला दिसतो, आणि पेशंटच्या हातात जो कागद येतो त्यावरून पुष्कळदा गायब झालेला असतो. माझं म्हणणं एवढंच आहे की तो गायब होऊ नये. मशीनला शंका आली होती का आणि ती कोणी स्लाईड, म्हणजे काचेवर पसरलेलं रक्त, मायक्रोस्कोपखाली बघून मिटवली का, हे रिपोर्टवर छापणं सक्तीचं करायला हवं.

मशीन बंद करा आणि परत हाताने मोजा असं मला अजिबात म्हणायचं नाहीये. हाताने मोजणं काय प्रकार होता ते समजून घेतलं तर कोणीच तसं म्हणणार नाही. 1852 मध्ये कार्ल फिअरॉर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने रक्तातल्या पेशी मोजून पहिल्यांदा आकडा दिला, पुढे 1870 च्या दशकात फ्रान्समध्ये मालासेने ठरावीक आकारमानाचं मोजणीचं चेंबर बनवलं, आणि मग आलं न्यूबॉवर चेंबर, जे आजही शिकताना वापरलं जातं. रक्त 200 पट पातळ करायचं, काचेवर सोडायचं, मायक्रोस्कोपखाली बारीक चौकटींतल्या पेशी एकेक करून मोजायच्या, कडेवरच्या पेशी दोनच बाजूंच्या धरायच्या, मग गुणाकार. पिपेट थोडं कमीजास्त भरलं, चेंबर नीट बसलं नाही, की आकडा बदलला. आणि समजा मोजणाऱ्याचा हात एकदम पक्का आहे, तरी 500 पेशी मोजल्या तर नुसत्या योगायोगाने उत्तर चार-साडेचार टक्के इकडेतिकडे होतंच, ते गणितच तसं आहे. डिफरन्शियलची, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या प्रकारवार मोजणीची, अवस्था तर याहून वाईट. स्लाईडवर 100 पांढऱ्या पेशी बघितल्या आणि त्यात 5 इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) निघाल्या तर खरा आकडा 1 पासून 12 टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतो. त्यामानाने मशीन हजारो पेशी बघतं, न थकता बघतं, सकाळच्या पहिल्या सॅम्पलला आणि रात्रीच्या शेवटच्या सॅम्पलला सारखंच बघतं. तिथे माणसाने हार मानायलाच हवी.

हे शक्य झालं ते मुख्यतः वॉलेस कूल्टरमुळे. त्याच्याआधीही प्रयत्न झाले होते, 1934 मध्ये माँट्रियलच्या मोल्डाव्हानने बारीक काचनळीतून पेशी सोडून प्रकाशाच्या मदतीने त्या मोजायची कल्पना मांडली होती, पण नळी तुंबायची, प्रकाश नीट जमायचा नाही. कूल्टर इलेक्ट्रॉनिक्सवाला माणूस, शिकागोत काम करायचा. त्याने प्रकाश बाजूला ठेवला आणि वीज धरली. मिठाच्या पाण्यातून वीज सहज जाते, पेशीतून जात नाही म्हटलं तरी चालेल. मग मिठाच्या पाण्यात पेशी सोडायच्या, मध्ये एक बारीकसं भोक ठेवायचं, केसाच्या जाडीएवढं किंवा त्याहून लहान, दोन्ही बाजूंना इलेक्ट्रोड लावायचे आणि पाणी त्या भोकातून ओढायचं. पेशी भोकातून जाते त्या क्षणी ती आपल्या आकारमानाएवढं पाणी बाजूला सारते, विरोध क्षणभर वाढतो, विजेचा एक ठोका मिळतो. ठोके मोजले की पेशी किती ते कळतं, ठोक्याची उंची मोजली की पेशी केवढी ते कळतं. सांगतात की पहिलं भोक त्याने सिगरेटच्या पाकिटावरच्या सेलोफेनला तापलेल्या सुईने पाडलं होतं, आणि हे घेऊन तो वकिलांकडे गेला तेव्हा भोकाचं पेटंट कसं मिळेल म्हणून त्याला परत पाठवलं गेलं. पेटंटचा अर्ज 1949 चा, पेटंट मिळालं 20 ऑक्टोबर 1953 ला, नंबर 2,656,508. 1956 मध्ये ब्रेकर आणि सहकाऱ्यांनी त्या मशीनची हाताच्या मोजणीशी रीतसर तुलना करून ते छापलं, आणि मग पुढच्या काही वर्षांत जगभरच्या लॅब बदलल्या.

आता इथे एक बारकी गोष्ट आहे जी मला फार महत्त्वाची वाटते. कूल्टरच्या त्या सुरुवातीच्या मशीनवर ऑसिलोस्कोपचा, म्हणजे विजेचे ठोके रेघांत दाखवणारा, एक पडदा होता. प्रत्येक पेशीचा ठोका तिथे उभ्या रेघेसारखा दिसायचा, आकडा वेगळा यायचा आणि पडदा वेगळा चालू असायचा. भोकात कचरा अडकला, बुडबुडे गेले, विजेचा गोंगाट आला, तर ते ठोक्यांच्या रूपावरून कळायचं आणि मोजणारा माणूस तिथल्या तिथे थांबून परत सॅम्पल लावायचा. म्हणजे आकडा आणि त्या आकड्यावर किती विसंबायचं याचा अंदाज, या दोन्ही गोष्टी मशीन एकदमच देत होतं. 1968 मध्ये मॉडेल एस आलं, त्याने एका सॅम्पलमधून सात आकडे काढून कार्डावर छापून दिले, प्लेटलेट त्यात नव्हत्या, त्या नंतर आल्या. काम प्रचंड सोपं झालं, यात वादच नाही. पण कार्ड जिथे जिथे गेलं तिथे पडदा गेला नाही, फक्त आकडे गेले. आज आपण त्याच कार्डाच्या वाटेने खूप पुढे आलोय.

त्यानंतर जे जे शोध लागले ते बघितले तर दिसतं की प्रत्येक शोध आधीच्या मशीनबद्दलच्या शंकेतून निघालाय. कूल्टरच्या भोकाला फक्त आकार कळतो, पेशी कोणती ते कळत नाही. लाल पेशी साधारण 80 ते 100 फेमटोलिटरची (आकारमानाचं अतिशय बारीक एकक), प्लेटलेट त्यापेक्षा खूप लहान, म्हणून साधारण 2 ते 20 च्या मधलं जे जाईल ते प्लेटलेट असं धरलं जातं. पांढऱ्या पेशींसाठी लाल पेशी आधी फोडून टाकायच्या आणि मग उरेल ते मोजायचं. एवढ्यावर पांढऱ्या पेशींचे पाच प्रकार ओळखता येत नाहीत, म्हणून 1970 च्या दशकात टेक्निकॉनने हेमालॉग डी मध्ये पेशींतल्या पेरॉक्सिडेज या एन्झाइमला रंग आणून प्रकाशातून एकेक पेशी नेली. त्यासाठी पेशी एका रांगेत जायला हव्यात, ते तंत्र लंडनमध्ये क्रॉसलँड-टेलरने 1953 मध्येच दाखवलं होतं, पातळ द्रवाच्या वेष्टणात मधली धार बारीक करून. पुढे लेझर आला, पेशीच्या आतल्या केंद्रकाला चिकटणारे फ्लुरोसेंट रंग आले, त्यामुळे केंद्रक असलेल्या लाल पेशी, ज्या जुनी मशीन पांढऱ्या म्हणून मोजायची, त्या वेगळ्या काढता यायला लागल्या. प्रत्येक पायरीवर कोणीतरी म्हणालं की हा आकडा इथे चुकतोय, आणि म्हणूनच पुढची पायरी आली. आणि याच वाटेने मशीनला आपली शंका सांगायची ताकदही मिळाली, हे लोकांना माहीत नसतं. आजचा चांगला अ‍ॅनालायझर प्रत्येक पेशीला आलेखावर एका ठिपक्यासारखं मांडतो, ठिपक्यांचे पुंजके नेहमीसारखे दिसले नाहीत तर तसं सांगतो. एवढी मेहनत करून मिळवलेली ताकद, आणि रिपोर्टच्या कागदावर तिला जागा नाही.

जागेचा प्रश्न आहे असं तर म्हणूच नका. त्याच कागदावर पीडीडब्ल्यू (प्लेटलेटच्या आकारात किती फरक आहे ते) असतं, प्लेटलेटक्रिट (रक्तात प्लेटलेटनी व्यापलेला भाग) असतं, मोठ्या प्लेटलेटचं प्रमाण असतं, एमपीव्ही (प्लेटलेटचं सरासरी आकारमान) एका दशांशापर्यंत असतं. एमपीव्ही तर असं की ईडीटीएच्या (रक्त गोठू नये म्हणून घातलेल्या रसायनाच्या) ट्यूबमध्ये रक्त जितका वेळ पडून राहील तितक्या प्लेटलेट फुगतात आणि आकडा वाढतो, म्हणजे सॅम्पल किती वाजता घेतलं आणि किती वाजता मशीनला लावलं हे माहीत नसेल तर त्या दशांशाला फारसा अर्थ नाही. हे छापायला जागा आहे, तर "प्लेटलेटच्या गुठळ्यांची शंका, स्लाईड बघितलेली नाही" ही ओळ पण मावेल.

गुठळ्यांचं उदाहरण मुद्दाम घेतोय कारण ते सगळ्यात साधं आणि सगळ्यात जास्त त्रास देणारं आहे. काही लोकांच्या रक्तात ईडीटीए मिसळलं की प्लेटलेट एकमेकींना चिकटतात. शरीरात त्या ठीक असतात, ट्यूबमध्ये चिकटतात. हे फार लोकांत होत नाही, साधारण हजारात एकाच्या आसपास, पण सीबीसी ही जगातली सगळ्यात जास्त होणाऱ्या तपासण्यांपैकी एक असल्यामुळे हजारात एक म्हणजे सुद्धा खूप माणसं झाली. मशीनला गुठळी प्लेटलेट म्हणून दिसत नाही, ती मोठी असते, कधी कधी तर ती पांढरी पेशी म्हणून मोजली जाते. रिपोर्टवर प्लेटलेट 40,000. माणूस धडधाकट, कुठे डाग नाही, रक्तस्राव नाही, पण कागदावर 40,000. मग ऑपरेशन पुढे ढकललं जातं, स्टेरॉइड सुरू होतात, हाडातला मगज काढून तपासला जातो, प्लेटलेट चढवल्या जातात, हे सगळं झालेलं वैद्यकीय साहित्यात नोंदलेलं आहे. खरं म्हणजे करायचं एवढंच असतं की स्लाईड बघा, गुठळ्या दिसल्या की सायट्रेटच्या, म्हणजे गोठणं थांबवणाऱ्या दुसऱ्या रसायनाच्या, ट्यूबमध्ये परत रक्त घ्या, मशीनला लावा, आणि आलेल्या आकड्याला 1.1 ने गुणा कारण सायट्रेटमुळे रक्त तेवढं पातळ होतं. मशीनने पुष्कळदा इशारा दिलेला असतो. तो इशारा डॉक्टरपर्यंत पोचला असता तर पुढचं काहीच झालं नसतं.

उलटं होतं ते जास्त भयंकर आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. काही आजारांत लाल पेशी फुटतात, त्यांचे तुकडे प्लेटलेटच्या मापाचे असतात आणि भोक त्यांना प्लेटलेट म्हणूनच मोजतं. गंभीर भाजल्यावर असं होतं, बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होणाऱ्या टीटीपी या आजारात होतं. काही ल्युकेमियांत पांढऱ्या पेशींचे तुकडे पडतात, तेही त्याच खात्यात जमा होतात. म्हणजे खऱ्या प्लेटलेट धोक्याच्या पातळीखाली गेल्यात आणि कागद सांगतोय की अजून बऱ्या आहेत. चुकून कमी दाखवलेल्या आकड्याने निदान धावपळ तरी होते, चुकून जास्त दाखवलेल्या आकड्याने सगळे निवांत बसतात.

आणि यातली मेख अशी की जिथे निर्णय सगळ्यात नाजूक असतो तिथेच मोजणी सगळ्यात कच्ची असते. केमो चालू असलेल्या पेशंटला रक्तस्राव नसला तरी प्लेटलेट द्यायच्या की नाही हे साधारण 10,000 च्या रेषेवर ठरवतात. दीड-दोन लाखांच्या भागात मशीन छान मोजतं, पण 10,000 च्या आसपास मोजायला पेशीच कमी, त्यात कचरा, बुडबुडे, तुकडे यांचा वाटा वाढलेला, त्यामुळे 8,000 आणि 13,000 मधला फरक आकारावरून मोजणाऱ्या मशीनला नीट पेलत नाही. लेझरने किंवा फ्लुरोसेंट रंगाने मोजलेल्या प्लेटलेट इथे जास्त भरवशाच्या असतात, आणि संदर्भ पद्धत म्हणून तर प्लेटलेटच्या पृष्ठभागावरच्या खास प्रथिनांना अँटिबॉडी चिकटवून फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे एकेक पेशी लेझरमधून नेणाऱ्या मशीनवर, मोजतात. मग माझा प्रश्न असा आहे की रिपोर्टवर नुसतं 11,000 लिहिलंय, ते कोणत्या पद्धतीने मोजलंय हे का लिहिलेलं नाही? त्या आकड्यावर कोणालातरी प्लेटलेट मिळणार किंवा नाकारल्या जाणार आहेत.

यावर पहिला आक्षेप असा येतो की फ्लॅग फार येतात, सगळे छापले तर डॉक्टर वैतागतील आणि पेशंट घाबरतील. हा आक्षेप पोकळ नाही. 2005 मध्ये हिमॅटॉलॉजीच्या, म्हणजे रक्तशास्त्राच्या, आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने 15 लॅबमधली 13,298 सॅम्पल तपासून 41 नियम काढले, कोणत्या वेळी मशीनवर न थांबता माणसाने बघायलाच हवं याचे. ते नियम लावले तर जवळपास 30 टक्के सॅम्पलसाठी इशारा मिळत होता, आणि त्यातल्या बहुतेकांत स्लाईडवर खरंच काही सापडलं नाही. म्हणजे खोटे इशारे भरपूर. पण त्याच अभ्यासात अशी सॅम्पलही होती, 3 टक्क्यांच्या आसपास, की ज्यांत स्लाईडवर काहीतरी होतं आणि नियमांना ते कळलंच नाही. एवढं बघितल्यावर मला तरी असं वाटतं की लपवून ठेवण्यासारखं यात काहीच नाही, उलट ही माहिती वाचणाऱ्याला हवीच. आणि कच्चे फ्लॅग जसेच्या तसे छापा असं मी म्हणत नाहीये. टेक्निशियनने स्लाईड बघितली, काही सापडलं नाही, तर "स्लाईड बघितली, आकड्याशी जुळते" एवढं लिहा, शंका तिथेच मिटली, घाबरण्यासारखं काय आहे? जी शंका मिटवलीच नाही तेवढीच छापायची आहे. ती वाचून डॉक्टर वैतागला तर वैताग आकड्यावर यायला हवा, ओळीवर नाही.

दुसरा आक्षेप न बोलता असतो, तो म्हणजे खर्च आणि वेळ. स्लाईड करायला, रंगवायला, बघायला माणूस लागतो, आणि तो बसून शिकलेला माणूस लागतो, मशीनला एका सॅम्पलला मिनिटभरच लागतं. मोठ्या लॅबमध्ये आता ऑटोव्हेरिफिकेशन असतं, ठरलेल्या नियमांत बसलेला रिपोर्ट कोणाच्याही नजरेखालून न जाता थेट बाहेर पडतो. याला माझा विरोध नाही, नियम नीट असतील तर दमलेल्या माणसाच्या सहीपेक्षा ते बरं. पण मग तसं लिहा की. "मशीनने मोजलं, नियमांनुसार आपोआप मंजूर" असं लिहायला संकोच वाटत असेल तर अडचण त्या ओळीत नाही, कागदाच्या तळाशी असलेल्या सहीमुळे आपण जे समजत होतो त्यात आहे. सही बघून वाचणाऱ्याला वाटतं की कोणीतरी हे रक्त डोळ्यांनी बघितलंय. आयएसओ 15189 या लॅबच्या मानकात सॅम्पलमध्ये खोट असेल आणि तिचा निकालावर परिणाम होणार असेल तर रिपोर्टवर तसं लिहायला सांगितलेलंच आहे. मशीनने दिलेली आणि न मिटवलेली शंका त्याच तत्त्वात बसते, ते फक्त स्पष्ट शब्दांत सक्तीचं करायचं आहे. काही लॅब आजही अशा टिपा मनापासून लिहितात, त्यांच्या रिपोर्टवर "गुठळ्या दिसल्या, सायट्रेटमध्ये परत पाठवा" असं असतं, आणि त्यांचे डॉक्टर काही पळून गेलेले नाहीत.

आता फोटोवाल्या मशीनबद्दल, कारण पुढचा सगळा काळ त्यांचा आहे. स्लाईडवरच्या पेशींचे फोटो काढून सॉफ्टवेअरने त्यांची वर्गवारी करायची हे काम स्वीडनमधल्या लुंडच्या सेलाव्हिजनने 1990 च्या दशकापासून चालवलंय, आणि त्यात एक फार शहाणपणाची रचना आहे: मशीन प्रत्येक पेशीला फक्त तात्पुरतं नाव देतं, शिकलेला माणूस ते फोटो बघून कायम करतो किंवा बदलतो. निर्णय कोणाचा हे तिथे स्पष्ट आहे. पण आता जी नवीन मॉडेल येतायत त्यात माणसाची ही पायरी वगळण्याची ओढ वाढणार, हे सांगायला ज्योतिषी नको. आणि ही मॉडेल आतून कशी ठरवतात ते बाहेरच्याला दिसत नाही. कूल्टरचं पेटंट कोणीही वाचू शकत होतं, भोक किती, वीज कशी, दोन पेशी एकदम गेल्या तर एकच ठोका मिळतो ही अडचण कुठे येते, सगळं वाचून ताडून बघता येत होतं. आजच्या अ‍ॅनालायझरमध्ये फ्लॅग कोणत्या उंबरठ्यावर पेटतो हे ठरवणारा भाग बराचसा कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये असतो, आणि जो भाग लॅबला बदलता येतो तो प्रत्येक लॅबने आपापल्या सोयीने बसवलेला असतो. एकाच रक्तावर एका लॅबमध्ये इशारा येईल आणि दुसऱ्या लॅबमध्ये येणार नाही. फ्लॅग आला नाही म्हणजे काही नाही असं समजणं म्हणूनच धोक्याचं आहे, आणि "स्लाईड बघितली" की "नाही बघितली" ही नोंद म्हणूनच फ्लॅगपेक्षाही जास्त मोलाची आहे.

त्यात मशीन लहान होत चाललीत. बोटाच्या थेंबावर सीबीसी देणारी मशीन आली आहेत, ती अशा ठिकाणी पोचणार जिथे मायक्रोस्कोप नाही, स्लाईड रंगवणारं कोणी नाही. मला याचा आनंदच आहे, तिथल्या माणसाला काहीच नसण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. पण मोठ्या लॅबमध्ये निदान शंका मिटवायला कोणीतरी शेजारच्या खोलीत असतं, इथे ते नसणार, इथे शंका आली तर ती सांगायची एकच जागा म्हणजे तो कागद किंवा फोनवर आलेला रिपोर्ट. म्हणून या मशीनना परवानगी देतानाच नियामकांनी अट घालावी की न मिटलेला फ्लॅग दाबून नुसता आकडा बाहेर काढता येणार नाही, आकड्याच्या ओळीतच शंका यायला हवी, मोजायची पद्धत यायला हवी, आणि पुढे काय करायचं तेही, परत सॅम्पल घ्या, सायट्रेटमध्ये घ्या, किंवा जिथे स्लाईड बघता येते तिथे पाठवा.